खरे वजन

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि सेमिनरी हिल्सवरची आमची सकाळची फेरी मंदावते. म्हणून घरी ट्रेडमिल घेण्याचे ठरविले. दुकानदाराने वजन विचारताच आम्ही म्हणालो, "शंभरेक असेल." काट्याने ११८ दाखविले होते! इतरांचा पापस्वीकार ऐकणारे आम्ही तेथे मात्र चाचरलो.

ते असत्य महागात पडले असते. यंत्राची भारक्षमता आपल्या वजनाहून निदान २० किलो अधिक हवी. नाहीतर पट्टा अडतो, मोटर तापते. मोटरची शक्ती क्षणिक नव्हे, सातत्याने मिळणारी पाहावी. पट्टा सुमारे ५० सेंटिमीटर रुंद व चौकट भक्कम पोलादी असावी. काटकसर करावयाची तर रंगीत पडद्यावर करावी, पोलादावर नव्हे.

१८१८ च्या सुमारास इंग्लंडमध्ये विल्यम क्युबिट यांनी पायचक्की घडविली, ती कैद्यांना शिक्षा म्हणून. आम्हीही चालण्याकडे खादाडपणाचे प्रायश्चित्त म्हणूनच पाहत होतो. परंतु देहाला शिक्षेपेक्षा आधाराची गरज अधिक.

दुसऱ्या दिवशी खरे वजन सांगून १४० किलो क्षमतेचे यंत्र आणले. देवही आपणांस आजच्या भारासह स्वीकारतो. उद्याच्या आशेचे वजन तो विचारीत नाही.