वीस दातांचा प्रवास : खोपोली ते कर्जत

दोस्तांनो, तुमच्या घरात दीड-दोन वर्षांचं शेंडेफळ आहे का? असेल, तर आज त्याला घेऊन आपण खोपोलीहून लोकलने कर्जतला जायचंय. कशाला? दातांच्या डॉक्टरांकडे! (वाचून झालं की अंक आई-बाबांच्या हातात द्या, बरं का.)

“पण त्याचा दात कुठे दुखतोय?” असं तुम्ही म्हणाल. दुखत नाही, म्हणूनच तर जायचं! आपल्याकडे दाढ ठणकली, गाल सुजला, सगळं घर रात्रभर जागलं की मग सकाळी दवाखाना आठवतो. डोंगरातल्या वाड्यांवरून खाली यायचं तर एका दिवसाची मजुरी बुडते. त्यामुळे आजचं उद्यावर जातं, हे समजण्यासारखं आहे. पण मग त्या पोराची डॉक्टरांशी पहिली ओळख होते ती ठणक्यासकट आणि सुईसकट. पुढे कित्येक वर्षं ते दवाखान्याची पायरी चढायला तयार होत नाही. पहिला दात साधारण सहाव्या महिन्याच्या सुमारास येतो, आणि पहिल्या वाढदिवसापर्यंत बाळाला एकदा दाखवून आणावं, असं लहान मुलांचे दंतवैद्य सांगतात. तुमचं शेंडेफळ दोन वर्षांचं झालं असेल तरी काही बिघडलं नाही. आता जा.

“दुधाचे दात काय, पडणारच आहेत!” हे वाक्य तुमच्या घरीही कुणीतरी म्हणेल. बरोबर आहे, पडणारच. पण सगळे मिळून वीस असतात : आठ पटाशीचे, चार सुळे, आठ दाढा. त्यातल्या मागच्या दाढा दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत टिकायच्या असतात. खालून येणाऱ्या पक्क्या दातांसाठी त्या जागा धरून ठेवतात, अगदी गाडीत रुमाल टाकून जागा धरतात तशा! रुमाल लवकर उचलला गेला तर शेजारचे सरकून बसतात आणि नवा दात वाकडातिकडा उगवतो. शिवाय कीड लागली की दुधाचा दातही पक्क्या दातासारखाच दुखतो. दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपणाऱ्या बाळांचे वरचे पुढचे दात आधी किडतात, हे घरात मोठ्यांना जरूर सांगा.

तयारी दोन-तीन दिवस आधी सुरू करायची. फार आधी नको, कारण एवढ्याशा पोराला ‘पुढचा आठवडा’ कळत नाही. खेळ सोपा आहे. तुम्ही आडवे व्हा, ‘आऽऽ’ करा आणि छोटूला तुमचे दात मोजायला लावा. मग त्याची पाळी. बाहुलीचेही मोजा. एक मात्र घरात सगळ्यांना बजावून ठेवा. ‘मस्ती केलीस तर डॉक्टर सुई टोचतील’ हे कुणीही म्हणायचं नाही, गंमत म्हणूनसुद्धा नाही. आणि ‘घाबरू नकोस, दुखणार नाही’ हेही नको. तोवर त्या बिचाऱ्याला दुखण्याचा विचार सुचलेलासुद्धा नसतो!

वेळ सकाळची घ्या, पोट भरलेलं आणि झोप झालेली असताना. दवाखाना सरकारी असेल तर तिथे दातांचे डॉक्टर असतात का, कोणत्या वारी असतात, ते आधी विचारून ठेवा. अंगणवाडीत जाणाऱ्या मुलांसाठी २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्याच्या तपासणीत दातही पाहतात.

चला, खोपोलीला गाडीत बसा. डोंगरउतारावरून आलेले जाडजूड नळ तुम्ही पाहिलेच असतील. लोणावळ्याकडच्या तलावांचं पाणी त्यांतून पाचशे मीटरहून जास्त खाली येतं आणि टाटांच्या वीजघरातली चाकं फिरवतं. १९१५ सालापासून इथली वीज मुंबईला जाऊ लागली. ही चाकं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

लौजी, डोळवली, केळवली, पळसदरी... एकेक स्टेशन आलं की छोटूसोबत एकेक दात मोजा. कर्जतला थोडा वेळ फलाटावर थांबा. पुण्याकडे निघालेल्या अनेक गाड्यांना इथे मागून जादा इंजिनं जोडतात. १८६३ साली सुरू झालेल्या बोरघाटाची चढण एवढी खडी आहे की ३७ पावलं पुढे गेलं की एक पाऊल वर! ‘बघ, आता इंजिन येईल, धक्का बसेल, मोठा आवाज होईल,’ असं आधी सांगितलं तर तेच पोर आवाज झाल्यावर टाळ्या पिटतं. न सांगता झाला तर भोकाड पसरतं.

दातांचे डॉक्टर नेमकं हेच करतात. आधी सांगायचं, मग दाखवायचं, मग करायचं. १९५९ साली अमेरिकेत ॲडलस्टन नावाच्या दंतवैद्यांनी ही पद्धत मांडली आणि आज ती जगभर वापरतात. आरसा आधी छोटूच्या हातात देतात, वारा त्याच्या नखावर सोडून दाखवतात. अगदी लहान बाळाला खुर्चीत बसवतही नाहीत. आई आणि डॉक्टर समोरासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसतात, पाय आईकडे, डोकं डॉक्टरांच्या मांडीवर. दोन-तीन मिनिटांचं काम. छोटू रडेल, रडू द्या. रडताना तोंड आपोआप उघडतं!

शेजारच्या खोलीतून ‘चींऽऽ’ असा आवाज आला तर दचकू नका. खोपोलीतली चाकं आठवतात ना? ती पाण्याने फिरतात, डॉक्टरांच्या हातातलं इवलंसं चाक दाबलेल्या हवेने फिरतं, मिनिटाला तीन-चार लाख वेळा. म्हणून ते शिट्टीसारखं वाजतं. पहिल्या भेटीत त्याची गरज बहुधा पडतच नाही.

निघण्याआधी आईला दोन गोष्टी विचारायला सांगा. पेस्ट किती घ्यायची? तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट पुरते, पुढे वाटाण्याएवढी. ब्रश मात्र मोठ्यांनीच फिरवायचा. दुसरी गोष्ट मशेरीची. काही घरांत आजी अजून मशेरी लावते आणि मायेने बाळाच्या हिरड्यांवरही बोट फिरवते. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखू, दुसरं काही नाही. तुम्ही सांगितलं तर आजी कदाचित रागावेल. डॉक्टरांनीच सांगितलं तर ऐकण्याची शक्यता जास्त, म्हणून जमलं तर आजीलाही सोबत न्या.

परतीच्या गाडीला वेळ असेल तर कर्जतचा बटाटावडा तुम्ही खा. छोटूला तिखट लागेल, त्याला आतला बटाटा थोडासा द्या. पुढच्या तपासणीची तारीख साधारण सहा महिन्यांनंतरची मिळेल. ती कॅलेंडरवर लिहून ठेवायचं काम तुमचं.