माऊस कुणाच्या हातात?

इंटरव्ह्यू घ्यायला बसलो की माझा एक ठरलेला प्रश्न असायचा, 'कम्प्युटरशी पहिली गाठ कधी पडली?' 'शाळेत असताना गेम बनवला होता' असं कुणी म्हणालं, की गडी आपला! मागच्या महिन्यात एक मुलगी शांतपणे म्हणाली, 'सर, माऊस हातात आला तो थेट कॉलेजात. त्याआधी क्लासला मी वहीत लिहून घ्यायचे.'

वहीत! मी तडक मोहन्याला पोचलो.

२००४ची मे महिन्याची सुट्टी. बाबा एनआरसीत, आम्ही कंपनीच्या कॉलनीत. एमएस-सीआयटी सुरू होऊन तेव्हा तीनच वर्षं झाली होती आणि दहावी झाली की तो कोर्स करायचाच, अशी घरोघरी हवा होती. क्लासमध्ये एका मशीनवर दोघं. माझ्या पार्टनरला गणितात माझ्यापेक्षा कितीतरी जास्त मार्क. पण माऊस माझ्याकडे, वही तिच्याकडे. कुणी ठरवलं? कुणीच नाही. मी आधी खुर्ची पकडली, बस्स! वर 'तू लिही गं, अक्षर छान आहे तुझं' हे कौतुक. फी मात्र दोघांची सारखीच.

संध्याकाळी मी सायबर कॅफेत, ती घरी. पुढे मी इंजिनीअर झालो. का, तर 'आवड होती ना!' २००९ मध्ये कंपनी बंद पडली, माणसं पांगली. ती कुठे गेली, ठाऊक नाही.

अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात १९९५ साली कम्प्युटर सायन्सला प्रवेश घेणाऱ्यांत मुली होत्या जेमतेम ७ टक्के. त्यांनी प्रवेशाच्या वेळी प्रोग्रॅमिंगच्या आधीच्या अनुभवाला दिलेलं महत्त्व कमी केलं, नवख्यांना वेगळी सुरुवात दिली. २००० साली मुली झाल्या ४२ टक्के! पाच वर्षांत मुलींची अक्कल थोडीच वाढली होती?

म्हणजे इतकी वर्षं मी 'आवडी'चे मार्क देत होतो, ते खरं तर आधी खुर्ची पकडल्याचे होते.

त्या दिवशी लॅपटॉप तिच्याकडे सरकवला आणि म्हटलं, 'हे सोडवून दाखव.' तिनं सोडवलं. माझा तो प्रश्न आता कायमचा बाद.

आणि हो, तुमच्या टीमच्या मीटिंगमध्ये नोट्स नेहमी कोण घेतं? उद्या जरा बघा. अक्षर छान असेल तिचं!