मधे इंग्रजी कशाला घातली?

इंडोनेशियन सोपी आणि लाओ अवघड, असं मी बरीच वर्षं ठासून सांगत आलो. नोकरीसाठी तिकडे निघालेली आपली मुलं हल्ली विचारतात तेव्हा तेवढ्या ठामपणे बोलवत नाही. दोन्ही भाषांत मी जो मार खाल्ला, त्यातला बराचसा हौसेने ओढवून घेतलेला होता. दोन्ही भाषा मी इंग्रजी पुस्तकांतून शिकलो. मराठी जणू येतच नाही, अशा थाटात.

मी इचलकरंजीचा, यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेला. बांडुंगजवळच्या एका कापडगिरणीत मागांच्या देखभालीचं काम मिळालं आणि इंडोनेशियन शिकणं भाग पडलं. सुरुवातीला स्वर्गच वाटला. लिपी रोमन. काळ बदलला तरी क्रियापद तेच. लिंगाची भानगड नाही. 'बुकु' म्हणजे पुस्तक, 'बुकु-बुकु' म्हणजे पुस्तकं, संपलं अनेकवचन! या सोपेपणाने मी शेफारलो. शेजारच्या गावाला जायला गाडीवाल्याला 'सिमाही, सिमाही' म्हणत राहिलो आणि तो मान हलवत राहिला. गाव चिमाही. रोमन 'सी' तिथे नेहमी 'च' असतो. पूर्वी डचांच्या वळणाने हा 'च' 'टीजे' असा लिहीत, 1972 च्या शुद्धलेखन सुधारणेत तो 'सी' झाला. पुस्तकाच्या पहिल्याच पानावर हे छापलेलं होतं. मी ते पान ओलांडून पुढे गेलो होतो, कारण एबीसीडी मला येत होती ना!

खरा घोटाळा झाला तो 'कामी' आणि 'किता'मुळे. इंग्रजी पुस्तकात दोन्हींपुढे एकच अर्थ दिलेला, मीही दोन्ही एकच धरले. सुताच्या एका खराब लॉटवरून व्यापाऱ्याशी बोलणी चालली होती. परत पाठवायचा खर्च आमची गिरणी सोसेल, असं मला म्हणायचं होतं. म्हणालो, 'किता' भरू. त्याचा चेहरा पडला, मग आवाज चढला. 'कामी' म्हणजे आम्ही, 'किता' म्हणजे आपण, तुम्हीसुद्धा त्यात आलात. मी त्या भल्या माणसाला निम्मा खर्च द्यायला सांगत होतो! आम्ही आणि आपण यांतला फरक आपल्याकडे शाळेत जाण्याआधीच पोराला कळतो. हिंदीवाल्याला आणि इंग्रजीवाल्याला तो मुद्दाम शिकावा लागतो. मला तो आयता येत होता आणि मी तो पुस्तकापायी घालवला.

तीच गत 'म'ची. गिरणीत पाटी होती, अमुक वस्तू 'ममाकाइ' सक्तीचं. कोशात 'एम'खाली शोधून थकलो. मूळ शब्द 'पाकाइ', म्हणजे वापरणं. 'म' हा उपसर्ग लागला की 'प' जातो आणि 'म' येतो, 'तुलिस'चं 'मनुलिस' होतं, 'किरिम'चं 'मङिरिम', 'सापु'चं 'मञापु'. पुस्तकात याचा भला मोठा तक्ता होता आणि मी तो घोकत बसलो. पवर्गाचा म, तवर्गाचा न, कवर्गाचा ङ, आणि 'स'ला चवर्गातला ञ. बालभारतीत पाठ केलेली वर्णमाला तशीच्या तशी उतरली होती, पण रोमन अक्षरांत ती दिसणार कशी?

संस्कृतनेही एकदा दगा दिला, हेही सांगितलं पाहिजे. 'सुआमी' नवरा, 'इस्त्री' बायको, 'गुरु' शिक्षक, 'नामा' नाव, म्हणून माझा विश्वास बसला होता. एका ग्राहकाने आमच्या कापडाबद्दल आपण फार 'गम्बिरा' आहोत असं कळवलं. मी प्रकरण गंभीर समजून दिलगिरीचं पत्र पाठवलं. 'गम्बिरा' म्हणजे आनंदी. शब्द आपल्याच 'गंभीर'चा, अर्थ पार उलटा. 'चिंता'चं तर तिथे प्रेम झालंय, त्यावर मी काही बोलत नाही.

पुढे व्हिएन्टियानच्या एका कपड्यांच्या कारखान्यात गेलो. लाओ भाषेची लिपी गोलगोल, शब्दांमधे जागा न सोडणारी. ती बघून मी घाबरलो आणि रोमन लिपीत वही घालून बसलो. आयुष्यातला तो एक मोठा गाढवपणा. रोमनमध्ये सूर दिसत नाहीत आणि लाओत सूर बदलला की शब्द बदलतो. जवळ म्हणजे कै, लांब म्हणजेही कै, कोंबडीही कै. फरक फक्त सुराचा. त्यात माझी आपली सवय, प्रश्न विचारताना वाक्याच्या शेवटी आवाज चढवायचा. प्रश्न राहिला बाजूला, शब्दच दुसरा होऊन बसायचा. लाओत शेवटी 'बो' लावला की प्रश्न होतो, आवाज चढवायची गरजच नाही. कापडाला 'फा' म्हणतात, तो आपल्या अस्सल फणसातला फ. मी शहरी तोंडाने इंग्रजी 'एफ' काढला. 'एफ'वाला फा म्हणजे आकाश, आणि आकाशी रंगही. कटिंगवाली बाई निमूटपणे आकाशी कापडाचा तागा घेऊन आली.

शेवटी कारखान्यातल्या एका वयस्क 'उआय'ने, म्हणजे ताईने, मला समोर बसवून अक्षरं म्हणायला लावली. क, ख, परत ख, ङ, च... मी उडालोच. पुढे त, थ, न, ब, प, फ, म, य, ल, व. ही तर आपली मुळाक्षरं! दुसरा ख बसतो तो आपल्या 'ग'च्या जागी, म्हणूनच गुरूचं तिथे 'खू' झालं आणि त्याच चालीने भाषेचं 'फासा'. हे दोन ख बोलताना सारखे, पण अक्षर वेगळं म्हणून सूर वेगळा. म्हणजे सूर लिपीतच लिहिलेला असतो आणि मी नेमकी लिपीच टाळली होती. काही स्वर व्यंजनाच्या आधी लिहितात याची इंग्रजी पुस्तकात केवढी तक्रार! आपली पहिली वेलांटी काय वेगळं करते? आणि लिपी आली की लाओत फसवणूक फार नाही. थाईने संस्कृत-पालीची जुनी स्पेलिंगं जपली, लाओने बोलतात तसं लिहायचं ठरवलं. शब्दाला उपसर्ग-प्रत्यय लागून तो ओळखू न येण्याचा प्रकार तर अजिबात नाही.

म्हणून माझा निकाल असा. इंडोनेशियन लवकर बोलता येते, पण नंतर उपसर्ग आणि बोलीभाषा घाम काढतात. पुस्तकातलं 'तिदाक' बाजारात 'ङ्गाक' होतं आणि बांडुंगकर जेवणाच्या सुट्टीत सुंदानीजच बोलतात. लाओ सुरुवातीलाच घाम काढते, व्याकरण मात्र हलकं आहे. इंडोनेशियनची पुस्तकं हवी तेवढी मिळतात, लाओची हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, तेव्हा तिथे माणूसच शोधा. कुठलीही शिका, पण वही देवनागरीत घाला. लाओचे सूर तीत उतरणार नाहीत. तेवढ्यापुरती आधी त्यांची लिपी गिरवा, रोमनच्या वाटेला जाऊ नका.