कोपऱ्यावरचा चहा

हॉटेल या शब्दाचा इंग्रजांच्या मुलखात काय अर्थ असेल तो असो. आमच्या मराठवाड्यात हॉटेल म्हणजे जिथे चहा मिळतो ती जागा. तिथे मुक्काम करावयाचा नसतो, मात्र एकदा बसल्यावर लवकर उठावयाचेही नसते. दोन बाकडी, एक भट्टी, काचेच्या कपाटात शेव, पापडी आणि बालुशाही, एवढ्या भांडवलावर माणूस हॉटेलवाला होत असे. पाटीवर कुठले तरी ‘विलास’ नाही तर ‘भुवन’ असे. पण ते नाव फक्त रंगाऱ्याला ठाऊक. गाव मालकाच्या नावानेच हॉटेल ओळखी.

औंढा नागनाथाहून वसमतला जाणाऱ्या रस्त्यावर आमचे शिरड शहापूर आहे. एका अंगाला नागनाथाचे ज्योतिर्लिंग, गावात मल्लिनाथाचे जैन मंदिर. त्यामुळे यात्रेकरूंचा राबता असतो. यात्रेकरू म्हटला की तो उतरणार, उतरला की चहा मागणार. माझ्या लहानपणी, म्हणजे 1980 नंतरच्या वर्षांत, स्टँडवर अशी बरीच हॉटेले होती. आता त्यांतले एकही नाही. जागा आहेत, त्यांवर मोबाईलचे दुकान आहे, बी-बियाणांचे आहे, आणि एका ठिकाणी तर चक्क ‘अमृततुल्य’ आहे. पुण्यात अमृततुल्य चहाची परंपरा 1924 सालापासूनची सांगतात. राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी ब्राह्मणांनी पितळी पातेल्यात वेलची कुटून ती रुजविली. आता त्या नावाच्या रंगीत पाट्या एकसारख्या छापून गावोगाव लागतात. चहा वाईट नसतो. पण तो उभ्याने प्यावा लागतो, कागदी पेल्यात, आणि पिऊन झाल्यावर थांबण्याचे काही कारण उरत नाही.

आमच्या हॉटेलात कारणे पुष्कळ असत. पहिले म्हणजे पेपर. आता बंद पडलेले दैनिक ‘मराठवाडा’ तिथे येई, आणि आल्याबरोबर त्याची चिरफाड होऊन पाने चार बाकड्यांवर जात. पहिल्या पानावरची बातमी ‘पान चारवर’ गेलेली असे आणि पान चार एका पेन्शनर गुरुजींच्या हातात असे. ते एकेक जाहिरातही वाचून काढीत. त्यांचे वाचून होईपर्यंत बातमीतले मंत्रिमंडळ पडले की तरले हे कुणालाच कळत नसे. मग प्रत्येक जण आपापला शेवट सांगे. मी पुढे कादंबऱ्या लिहू लागलो त्याची शाळा ती, असे मला अनेकदा वाटते.

दुसरे कारण रेडिओ. परभणी केंद्रावर बाजारभाव लागले की कपबशा खळखळणे बंद होई. हळदीचा, कापसाचा भाव ऐकून कुणी दुसरा चहा मागवी, कुणी पहिल्याचेच पैसे वहीत लिहावयास सांगे. ‘आज रोख उद्या उधार’ ही पाटी भिंतीवर होतीच, आणि तिच्याच खाली खिळ्याला उधारीची वही टांगलेली असे. चहा मागण्याचीही एक भाषा होती. ‘दोनात तीन’ म्हटले की दोन कप चहा तीन माणसांत. माणूस चौथा आला तर ‘दोनात चार’. पाचवा आला की मालक स्वतः उठून त्याला पाणी देत आणि आभाळाकडे बघून पावसाची चौकशी करीत.

हे हॉटेल आमच्याकडे आले कुठून, याचा मी जरा शोध घेतला. घराघरात चहा नव्हता तेव्हाची ही गोष्ट. 1930 नंतरच्या काळात चहा-मळेवाल्यांच्या मंडळाची माणसे गावोगाव फिरून फुकट चहा पाजीत आणि तो कसा करावयाचा ते दाखवीत. त्याच सुमारास, 1932 मध्ये, निजाम सरकारच्या रेल्वे खात्याने 27 मोटारींनिशी बसवाहतूक सुरू केली. मुंबई राज्यातली पहिली एस.टी. पुण्याहून अहमदनगरला निघाली ती 1 जून 1948 रोजी. म्हणजे एवढ्या एका बाबतीत आम्ही मागासलेले लोक सोळा वर्षे पुढे होतो! मोटार थांबेल तिथे उतारू, उतारू तिथे चहा. हॉटेल हे मोटारीचे अपत्य आहे आणि मोटारीनेच त्याला संपविले. पूर्वी गाडी यावयास दोन तास असत. आता ज्याच्या त्याच्या दारात फटफटी आहे, आणि वाट पाहण्याचा धंदा बसला आहे.

त्या काळी दुसऱ्याही प्रकारची दुकाने होती. सणाच्या अंकात त्यांचे नाव काढावे की नाही कोण जाणे. ओढ्याकाठी शिंदीची झाडे आणि त्यांच्या सावलीला शिंदीचे दुकान. निजामाच्या तिजोरीत आबकारीचा मोठा वाटा होता, म्हणून हैदराबादच्या मुक्तिसंग्रामात मराठवाड्यातल्या कार्यकर्त्यांनी रात्री कुऱ्हाडी घेऊन शिंदीची बने तोडली. ही अशी चळवळ, जिच्यात प्यायची जागा मोडणे हे देशकार्य ठरले. त्या दुकानांसाठी कुणी उसासा टाकल्याचे मी ऐकले नाही. टाकला असेल तर मनातल्या मनात.

चहाच्या हॉटेलांसाठी मात्र मी उसासे टाकतो. तेही उघड, आणि शिक्षकांच्या खोलीत. मागच्या पावसाळ्यात मधल्या सुट्टीत मी असाच त्या बाकड्यांचे, त्या भज्यांचे वर्णन करीत होतो. आमचे गणिताचे सर वह्या तपाशीत बसले होते. वयाने माझ्याबरोबरीचे, बोलण्यात बेताचे. त्यांनी लाल पेन खाली ठेवले.

“काय लिहायलाव सर, हॉटेलावर?”

“लिहीन म्हणतो. सगळी गेली हो!”

“गेली ते बरं झालं,” ते म्हणाले, आणि पुन्हा वह्या तपासू लागले.

हे सर शेजारच्या एका गावाचे. त्यांच्या गावच्या हॉटेलात बाकडी होती, कपाट होते, रेडिओही होता. आणि बाहेर, वळचणीच्या बांबूला, कान तुटलेला एक कप अडकविलेला असे. त्यांचे वडील लहानपणी आजोबांबरोबर बाजाराला जात. तो कप स्वतः काढावयाचा, स्वतः धुवावयाचा, समोर धरावयाचा. मालक वरून चहा ओती. पैसे खाली ठेवावयाचे. चहा उकिडवे बसून प्यावयाचा, कप विसळून पुन्हा बांबूला. आणि हे 1960 च्या पुढचे. तेव्हा संविधान लागू होऊन दहा वर्षे झाली होती. त्याच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने आणि उपाहारगृहे यांच्याबरोबर हॉटेल हा शब्द मुद्दाम घातलेला आहे. 1955 चा अस्पृश्यता गुन्ह्यांचा कायदाही झाला होता. घटनाकारांना हॉटेल म्हणजे काय ते नीट ठाऊक होते. आमच्या वळचणीच्या बांबूला ते कळायला आणखी पुष्कळ वर्षे लागली.

मी त्या दिवशी काही बोललो नाही. पण माझ्या मनातल्या बाकड्यांवर कोण कोण बसलेले असे ते मी मोजू लागलो. पेन्शनर गुरुजी, दुकानदार, दोन पाटील, मोटारीचा क्लीनर, आम्ही पोरे. आमच्या लहानपणी असा कप बाहेर टांगलेला मी पाहिला नाही, हे खरे. पण बाकड्यांवर गावाचे सगळे आळी-वाडे दिसत होते का? नव्हते. ज्याला ‘सगळे गाव तिथे जमे’ असे मी इतकी वर्षे लिहीत आलो, ते गाव फार तर अर्धे होते.

आठ दिवसांनी सर आपण होऊन म्हणाले, “आमच्या आप्पांना भेटा एकदा. त्यांचं बी एक हॉटेल आहे. पण मुंबईतलं.”

आप्पा अंगणात खाटेवर बसले होते. 1972 च्या दुष्काळात, खडी फोडून हात सोलले तेव्हा, विशीतला हा माणूस मुंबईला गेला आणि एका गिरणीत लागला. दहा वर्षे राहिला. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि तो संप रीतसर मिटला असे कधी झालेच नाही. आप्पा वर्षभराने ट्रंक घेऊन गावी आले ते आलेच.

“पहिली पाळी सुटली की गावाकडची पोरं मला घेऊन गेली,” आप्पा सांगू लागले. “कोपऱ्यावर इराण्याचं हॉटेल. मी आपला पायरीपाशी उभा. कप कुठं टांगलाय ते बघायलो. आतून इराणी वरडला, ‘अरे बाहर कायको खडा है, अंदर बैठो!’ मी बसलो, गुरुजी. खुर्चीवर. काळी खुर्ची, पाठीला गोल. समोर पांढरा दगड, आरशासारखा. पोऱ्यानं कपबशी आणून ठेवली. ठेवली बरं का. वरून वतली नाही.”

“मग?”

“मग काय! बघत बसलो. चहा थंड झाला.”

यझ्द आणि केरमानकडून आलेल्या या इराण्यांनी मुंबईत शेकड्यांनी हॉटेले काढली. कोपऱ्यावरचे दुकान आपल्याकडे अशुभ मानीत, म्हणून ते स्वस्तात यांच्या पदरी पडले, असे सांगतात. खरे असेल तर या एका अंधश्रद्धेने मुंबईवर मोठे उपकार केले म्हणावयाचे. वाकविलेल्या लाकडाच्या खुर्च्या, संगमरवरी टेबले, ब्रून-मस्का, आणि भिंतीवर सूचनांची लांबलचक यादी: केस विंचरू नका, जास्त वेळ बसू नका. पण या सगळ्या सूचनांत तू कोण, हा प्रश्न नव्हता. साडेतीनशे-चारशे होती म्हणतात. आज पंचवीस-तीस उरली असतील. 1904 चे कयानी आणि 1923 चे ब्रिटानिया यांची नावे अजून निघतात. धोबीतलावचे बस्तानी मिटले. काळ्या घोड्याजवळचे ‘वेसाइड इन’, जिथे अरुण कोलटकर दर गुरुवारी दुपारी बसत आणि खाली रस्त्यावरचे जग टिपीत, तेही गेले. डॉ. आंबेडकरही तिथे येऊन बसत असे सांगतात. जहांगीर कलादालनातले ‘समोवार’ 1964 मध्ये उघडले आणि 2015 मध्ये बंद झाले, तेव्हा मुंबईच्या चित्रकारांनी आणि लेखकांनी डोळे पुसले. वर्तमानपत्रांनी पाने भरली. आप्पांच्या इराण्याविषयी कुठे चार ओळी आल्या असतील असे मला वाटत नाही. आप्पांना त्याचे नावही आठवत नव्हते. “इराण्याचंच म्हणायचो. नाव कशाला लागतंय!”

हे मात्र आमच्या शिरडच्या हॉटेलासारखेच झाले.

दिवाळीपूर्वी प्रकाशकाकडे हस्तलिखित घेऊन मी मुंबईला जाणार होतो. आप्पांनी खुणा सांगितल्या: गिरणीचे फाटक, त्यासमोरून ट्रामचे जुने रूळ डांबरातून दिसायचे ती गल्ली, दोन वळणे, मारुतीचे देऊळ, आणि देवळाच्या तिरक्या अंगाला कोपरा. काम उरकल्यावर एक अख्खी दुपार मी त्यात घातली. गिरणीच्या जागी काचेची इमारत होती; तिच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याला गिरणीचे नाव सांगितले तर तो म्हणाला, इथे त्या नावाची कंपनी नाही. रूळ नव्हते. मारुती होता, पण त्याला आता संगमरवर बसवून जाळी लावली आहे. त्याच्या तिरक्या अंगाला कोपरा होता, आणि त्यावर औषधांचे दुकान. मी डोकेदुखीची एक पट्टी घेतली. दुकानातल्या पोराला जुन्या हॉटेलाविषयी विचारले. तो उत्तर प्रदेशातला, दोन वर्षांपूर्वी आलेला. जमिनीवर मात्र दाराजवळ तीन-चार जुन्या फरश्या शिल्लक होत्या, काळ्या-पांढऱ्या, मधोमध झिजून खोलगट झालेल्या.

परतल्यावर मी आप्पांकडे गेलो. सुनेने चहा आणला. आप्पांनी तो बशीत ओतला आणि मी सांगत होतो ते ऐकत राहिले. काचेची इमारत, मारुती, औषधे.

“दुकान कोपऱ्यावरच हाय ना?”

“कोपऱ्यावरच आहे.”

“दोन्ही रस्त्यांकडून उघडं?”

“दोन्हीकडून.”

“हां,” आप्पा म्हणाले. “तिथं दोन्हीकडून वारं यायचं, गुरुजी. पाळी करून आल्यावर लई बरं वाटायचं.” आणि त्यांनी बशी तोंडाला लावली.