न दाखवलेले चार भाग

१९७८ च्या मे महिन्यापासून फिलिपाइन्समधील मुलांनी शुक्रवारची सायंकाळ आपल्या नावावर करून घेतली होती. सहाच्या ठोक्याला ‘जीएमए’ वाहिनीवर ‘व्होल्टेस फाइव्ह’ ही जपानी अ‍ॅनिमे मालिका लागे. परग्रहावरून पृथ्वीवर चालून आलेले शिंगधारी आक्रमक, त्यांच्याशी लढणारे पाच तरुण, त्यांची पाच याने आणि ती एकमेकांत जुळून उभा राहणारा एक प्रचंड यंत्रमानव, असा तिचा थाट. शेवटी तो यंत्रमानव तलवार उपसून शत्रूच्या यंत्रपशूवर व्ही अक्षराच्या आकाराचा वार करी आणि गल्लीगल्लीतून आरोळ्या उठत. संवाद इंग्रजीत डब केलेले होते, शीर्षकगीत मात्र मूळ जपानीच ठेवलेले. त्याचा एक शब्दही न कळता हजारो मुलांना ते तोंडपाठ झाले.

ऑगस्ट १९७९ मध्ये राष्ट्राध्यक्ष फर्डिनांड मार्कोस यांच्या आदेशाने ही मालिका बंद झाली. तेव्हा तिचे शेवटचे चार भाग दाखवायचे राहिले होते.

ती मुले आज पन्नाशीत आहेत. लहानपणीची मालिका प्रौढ वयात पुन्हा पाहण्याची हौस जगभर आढळते. परंतु फिलिपाइन्समधील या पिढीच्या पुन्हा पाहण्याला एक वेगळी धार आहे. त्यांच्या बालपणीच्या गोष्टीचा शेवट राज्यसत्तेने काढून घेतला होता, आणि तो काय होता हे त्यांना फार उशिरा कळले.

मालिकेचा जन्म अगदी साधा, बाजारी. जपानमध्ये ती ४ जून १९७७ ते २५ मार्च १९७८ या काळात चाळीस भागांत दाखवली गेली. ‘पॉपी’ ही खेळणी बनवणारी कंपनी प्रायोजक होती आणि तुटणारा-जुळणारा यंत्रमानव दुकानांतून विकला जावा हा उघड हेतू होता. म्हणूनच पाच याने जुळण्याचे तेच चित्रीकरण आठवड्यामागून आठवडे जसेच्या तसे वापरलेले दिसते. आठव्या वर्षी ज्या दृश्याने श्वास रोखला जाई, त्याच दृश्याला पंचेचाळिसाव्या वर्षी हसू येते. पण दिग्दर्शक तादाओ नागाहामा हे खेळणी विकण्यापुरते थांबणारे नव्हते. कळसूत्री बाहुल्यांच्या रंगभूमीवरून आलेल्या या माणसाने यंत्रमानवांच्या मारामारीत एक कौटुंबिक शोकांतिका ओवली. ती मुलांना अर्धीच दिसते. मोठ्यांना पुरती दिसते.

बोआझान या ग्रहावर ज्यांना जन्मतः शिंगे असतात ते सरदार आणि ज्यांना नसतात ते गुलाम. गुण, विद्या, शौर्य यांना तेथे काहीही किंमत नाही. कपाळावर काय घेऊन जन्मलात एवढाच प्रश्न. (जन्मावरून माणसाची पायरी ठरवणारी ही रचना समजून घ्यायला मराठी वाचकाला फारशी कल्पनाशक्ती लागू नये.) पृथ्वीसाठी लढणाऱ्या पाचांपैकी तिघे सख्खे भाऊ. त्यांचा बेपत्ता पिता हा मुळात बोआझानचा, राजकुळातला, परंतु शिंगांविना जन्मलेला. खोटी शिंगे लावून तो वाढला, पुढे उघडा पडला, गुलाम झाला, गुलामांच्या बंडाचा नेता झाला आणि निसटून पृथ्वीवर आला. आक्रमक सेनेचा प्रमुख, आपल्या कुळाचा पराकोटीचा अभिमान बाळगणारा राजपुत्र झार्डोस, हा त्याच पित्याचा पहिला मुलगा. सावत्र भाऊ एकमेकांना न ओळखता चाळीस भाग लढत राहतात. अखेरच्या भागांत बोआझानवरील गुलाम उठाव करतात, जुलमी सम्राटाची सत्ता कोसळते आणि आपण कोणाचे पुत्र आहोत हे राजपुत्राला मरणाच्या उंबरठ्यावर कळते.

फिलिपाइन्सच्या मुलांना जे पाहू दिले गेले नाही ते हेच.

त्या देशात तेव्हा काय चालले होते? मार्कोस यांनी सप्टेंबर १९७२ मध्ये लष्करी कायदा पुकारला. तो औपचारिकरीत्या उठला १७ जानेवारी १९८१ रोजी. भारतातील आणीबाणी एकवीस महिन्यांची होती. हा काळ आठ वर्षांहून अधिक. संसद बंद, वृत्तपत्रे बंद, ‘एबीएस-सीबीएन’ ही मोठी वाहिनी १९७२ पासून सरकारच्या ताब्यात. ‘जीएमए’ला चालू राहण्याची मुभा होती, पण सरकारी मेहेरबानीवर. अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलच्या अंदाजानुसार या वर्षांत सुमारे ७०,००० लोक तुरुंगात गेले, ३४,००० जणांचा छळ झाला आणि ३,२०० हून अधिक मारले गेले. अशा राजवटीत एखाद्या वाहिनीने मुलांच्या मालिकेसाठी राष्ट्राध्यक्षांशी वाद घालावा, ही अपेक्षाच चुकीची ठरेल.

येथे एक लोकप्रिय कथा तपासून पाहायला हवी. आज फिलिपाइन्समध्ये सर्रास सांगितले जाते की शेवटच्या भागांत जुलमी सम्राटाविरुद्ध क्रांती होते हे मार्कोस यांना कळले आणि म्हणून त्यांनी बंदी घातली. कथा इतकी नेटकी आहे की तिच्याबद्दल संशयच यावा. सरकारने दिलेले कारण हिंसेचे होते: मुलांच्या मनावर वाईट परिणाम होतो, युद्धखोरी वाढते. पालकांच्या आणि काही संघटनांच्या तक्रारी होत्याच. शिवाय बंदी एकट्या ‘व्होल्टेस’वर आली नाही, ‘माझिंगर झेड’, ‘डायमोस’ अशा त्या जातकुळीतल्या इतर मालिकाही तिच्यात सापडल्या. त्या सगळ्यांच्या शेवटी काही क्रांती नव्हती. प्रतिस्पर्धी वाहिनीच्या धन्यांना ‘जीएमए’ची लोकप्रियता खुपत होती, अशीही एक कुजबुज आहे. क्रांतीचे कारण मुलांना १९७९ मध्ये सुचणे तर अशक्यच होते, कारण शेवट त्यांनी पाहिलेलाच नव्हता. तो अर्थ नंतर जन्मला; २२ ते २५ फेब्रुवारी १९८६ या चार दिवसांत मनिलाच्या एड्सा रस्त्यावर लाखो लोक उतरले, मार्कोस देश सोडून गेले, त्यानंतर. रस्त्यावरचा उठाव आधी पाहिला आणि पडद्यावरचा मागाहून, असा हा उलटा क्रम आहे.

मग ही आठवण खोटी म्हणायची का? इतिहासाच्या अभ्यासकाला ती मोलाची वाटायला हवी, ती एका वेगळ्याच कारणाने. हुकूमशाहीत वाढणाऱ्या मुलाला हुकूमशाही सहसा दिसत नाही. शेजारचा तरुण रात्री नाहीसा झाला तर मोठी माणसे आवाज खाली आणतात. मुलाला खेळायला पाठवले जाते. मात्र शुक्रवारी सहा वाजता दूरचित्रवाणी संच लावावा आणि व्होल्टेसऐवजी भलतेच काहीतरी चालू असावे, हे मुलाला तत्काळ कळते. दूर कुठेतरी राजवाड्यात बसलेला एक माणूस आपल्या दिवाणखान्यात हात घालू शकतो आणि त्याला कोणी ‘का’ म्हणून विचारू शकत नाही. त्या पिढीतील अनेकांना सत्तेचा हा पहिला परिचय घडला. आपल्या राजकीय जाणिवेची सुरुवात येथून झाली, असे त्यांच्यापैकी कित्येक जण अर्धे हसत, अर्धे गंभीरपणे सांगतात.

अडचण त्या हसण्यातच आहे. बंदी घातलेले कार्टून हा त्या राजवटीचा सर्वांत हलका अन्याय. त्याचा विनोद करता येतो, त्याचा टी-शर्ट छापता येतो. विजेचे झटके सोसलेल्यांच्या आठवणीचे असे काही करता येत नाही. त्या बळींना भरपाई देण्याचा कायदा २०१३ मध्ये झाला आणि मान्यताप्राप्त बळींची यादी ११,१०३ नावांवर थांबली. ती यादी किती जणांनी वाचली असेल, आणि व्होल्टेसचे गीत किती जणांना पाठ असेल?

प्रौढपणी मालिका पाहताना आणखी एक थर उलगडतो. दुसऱ्याच भागात तिघा भावांची आई आपले विमान शत्रूच्या यंत्रपशूवर आदळवून प्राण देते. मुले त्या प्रसंगी रडली होती. पण याच देशातील माबालाकाट येथील धावपट्टीवरून ऑक्टोबर १९४४ मध्ये जपानच्या पहिल्या कामिकाझे तुकड्यांनी उड्डाण केले होते, आणि १९४५ च्या मनिलाच्या लढाईत सुमारे एक लाख नागरिक मेले होते. १९७८ मध्ये जी मुले जपानी गीत गात होती, त्यांच्या आजीआजोबांनी ती भाषा संगिनीच्या टोकावरून ऐकली होती. जपानशी मैत्री व व्यापाराचा करार १९६० मध्ये झाला, परंतु युद्धाच्या जखमा ओल्या असल्याने फिलिपाइन्सच्या सिनेटने तो वर्षानुवर्षे अडवून धरला. अखेर सिनेटच उरली नाही तेव्हा, १९७३ मध्ये, मार्कोस यांनी तो मान्य केला. जपानी मालाला दारे उघडणाऱ्याच हाताने सहा वर्षांनी जपानी यंत्रमानवाला दार लावले.

हुकूमशहा गेल्यावर मालिका पुन्हा दिसू लागली, आणि १९९९ मध्ये शेवटचे भाग जोडून केलेला चित्रपट ‘लिबरेशन’ या नावाने चित्रपटगृहांत लागला. वीस वर्षांपूर्वीची मुले आपल्या मुलांना घेऊन शेवट पाहायला गेली. ‘लेट्स व्होल्ट इन’ ही मालिकेतील हाक एव्हाना ‘चला, एकत्र येऊ’ या अर्थाने बोलभाषेत रुळली होती. शिल्पकार टॉयम इमाओ हेही त्याच पिढीचे. २०१४ मध्ये त्यांनी घडवलेल्या शिल्पाच्या नावातच ‘विसरलेले चार भाग’ हे शब्द आहेत. हिरावलेली मालिका आणि हिरावलेली माणसे त्यांनी एकाच कलाकृतीत शेजारी आणली.

येथपर्यंत गोष्ट सरळ आहे. पण सत्तरच्या दशकाची ओढ एकट्या व्होल्टेसच्या चाहत्यांना नाही. ‘ते सुवर्णयुग होते, रस्ते स्वच्छ होते, शिस्त होती’ ही दुसरी ओढही त्याच वयाच्या माणसांत आहे आणि समाजमाध्यमांतून ती तरुणांपर्यंत पोहोचली आहे. तिच्यात थोडे सोने बालपणाचे असते, हे लक्षात येत नाही. आठव्या वर्षी जग चांगलेच दिसते, राज्य कोणाचेही असो. एकाच माणसाच्या मनात दोन्ही ओढी सुखाने नांदू शकतात: व्होल्टेस काढून घेतल्याचा राग आणि काढून घेणाऱ्याच्या काळाबद्दलची हुरहूर. नोव्हेंबर २०१६ मध्ये मार्कोस यांचे पार्थिव वीरांच्या दफनभूमीत पुरण्यात आले. मे २०२२ मध्ये त्यांचे पुत्र, धाकटे फर्डिनांड मार्कोस, तीन कोटींहून अधिक मतांनी राष्ट्राध्यक्ष झाले.

पुढच्याच वर्षी, ८ मे २०२३ रोजी, ‘जीएमए’ने ‘व्होल्टेस फाइव्ह: लेगसी’ ही नवी मालिका सुरू केली. तीच वाहिनी, तीच कथा, या वेळी फिलिपिनो अभिनेते आणि फिलिपिनो दिग्दर्शक मार्क रेयेस. शीर्षकगीत एका फिलिपिनो गायिकेने गायले, आणि ते जपानीतच ठेवले गेले. कोणी बंदी घातली नाही.