नाणेघाटांतील ओझें

गेल्या हिवाळ्यांत नववीच्या मुलांसह आम्ही नाणेघाट चढून गेलों. कल्याणहून मुरबाडमार्गें वैशाखऱ्यापर्यंत मोटारीनें, व पुढें पायीं. सोपारा व कल्याण या बंदरांत उतरलेला माल सातवाहनांच्या काळीं याच वाटेनें जुन्नरास व तेथून पैठणास जात असे. १८६३ सालीं बोरघाटांतून आगगाडी धांवूं लागली, तशी अशा वाटांवरील वर्दळ ओसरत गेली. हें सर्व वर्गांत आम्हीं अनेकदां शिकविलें होतें. पायांना मात्र तें प्रथमच कळत होतें. अर्ध्या चढावरच आमचा दम संपला.

तेव्हां एका विद्यार्थ्यानें कांहीं न बोलतां आमची पिशवी आपल्या खांद्यावर घेतली. हा मुलगा सकाळच्या प्रार्थनेस नेहमीं उशिरां येतो. हजेरीपटांत त्याच्या नांवापुढें आम्हीं १७ तांबड्या खुणा केल्या होत्या, व कारण एकदांही विचारलें नव्हतें. चढतांना तो मागच्या मुलांस सांगत होता, "पाऊल आडवें टाका, अंग थोडें पुढें ठेवा." हें कोठें शिकलास, असें विचारतां म्हणाला, "बाजारांत, सर. पहाटे बाबांबरोबर भाजीच्या गोणी उतरवितों."

घाटमाथ्यावरील लेण्यांत ब्राह्मी लिपींतील लेख आहे. तो राणी नागनिका हिचा मानितात. यज्ञांत दान दिलेल्या गायी, घोडे, कार्षापण यांची त्यांत मोजदाद आहे. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं त्यांतील अंकांचा अभ्यास करून निबंध लिहिला. गणिताच्या शिक्षकास येथें हर्ष न झाला तरच नवल! शून्याचें चिन्ह नाहीं. २४,४०० लिहावयाचे तर वीस हजार, चार हजार व चारशें अशीं निरनिराळीं चिन्हें एकापुढें एक. आम्ही बराच वेळ रंगून बोललों. जवळच्या दगडी रांजणांत जकातीचीं नाणीं टाकीत असें सांगतात, तेंही सांगितलें. (मुलांना तेवढेंच आवडलें.)

तो मुलगा पिशवी न उतरवितां ऐकत होता. "सर, माल वाहणाऱ्यांचा हिशेब कोणत्या ओळींत आहे?" त्यानें विचारलें.

आम्हीं भिंतीकडे पाहिलें. लेख यज्ञदानाचा आहे, त्यांत तो नाहीं, एवढेंच सांगितलें.

उतरतांना पिशवी आम्हीं मागून घेतली. इतर मुलांच्या पाण्याच्या बाटल्याही तिच्यांतच होत्या. वैशाखरें येईपर्यंत आम्हांस चार वेळां खांदा बदलावा लागला.