ढिला बोर्ड

चिखल्यातून बोर्डाचं काम आलं की मी आधी दुकानाचं तोंड कुणीकडे आहे ते विचारतो. पश्चिमेकडे असेल तर माल बदलावा लागतो. आमच्या तुमसर तालुक्यात मे महिन्यात पारा 45 च्या पार जातो, आणि तो आकडा सावलीतला. चार वाजताच्या उन्हात गडद रंगाच्या पत्र्याला हात लावून पाहा. 60-65 अंश सहज असतात. डिसेंबरच्या पहाटे तोच पत्रा 10 अंशांवर आलेला असतो. त्यातून चिखल्यात मॉइलची मँगनीजची खाण. ट्रकांमागे काळपट धूळ उडते, पांढरा बोर्डही हळूहळू करडा होतो आणि आणखी ऊन पितो.

गेल्या नवतप्यात एका औषधांच्या दुकानाचं काम आलं. आठ फुटी ॲक्रिलिकचा जुना बोर्ड तडकला होता. मालक म्हणाले, माकडांचं काम आहे. इकडे माकडं आहेत, छपरांवरून उड्याही मारतात, त्यामुळे मीही आधी मान डोलावली. शिडीवर चढल्यावर मात्र दिसलं की प्रत्येक तडा स्क्रूच्या भोकापासूनच निघाला होता. भोकं स्क्रूच्या मापाची आणि स्क्रू दणकून आवळलेले. माकड काही भोकं बघून उडी मारत नाही!

मालकांना कागदावर हिशेब करून दाखवला. आठ फूट म्हणजे सुमारे 2,440 मिलिमीटर. पहाटेच्या 10 अंशांपासून दुपारच्या 65 अंशांपर्यंत तेवढं ॲक्रिलिक 9 मिलिमीटरच्या आसपास वाढतं. त्यामागची लोखंडी फ्रेम जेमतेम दीड मिलिमीटर. उरलेल्या साडेसात-आठ मिलिमीटरना जागा हवी. ती नसली तर उन्हाळ्यात बोर्ड पोट काढतो. भर उन्हात आवळून बसवलेला असेल तर थंडीत आखडतो, स्क्रू त्याला सोडत नाही आणि भोकाच्या कडेला चीर पडते.

म्हणून मी पाटी एसीपीची घेतली. दोन बाजूंना ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, मध्ये प्लास्टिक. तीही वाढते, पण आठ फुटांत तीनेक मिलिमीटरच. ॲक्रिलिकची फक्त अक्षरं ठेवली. वीतभर अक्षर वाढून वाढणार किती? सनबोर्ड स्वस्त पडतो हे खरं, पण तो पीव्हीसीचा. पश्चिमेच्या उन्हात मऊ पडून लोंबतो. मी तो दुकानाच्या आतच वापरतो. फ्लेक्सबद्दल न बोललेलंच बरं.

फ्रेम एक इंची चौकोनी पाइपची, वर रेड ऑक्साइड आणि रंगाचे दोन हात. पाटीचा फक्त मधला स्क्रू मापाच्या भोकात. बाकी भोकं स्क्रूपेक्षा मोठी, त्यांवर रबराचे रुंद वॉशर. स्क्रू बसला की अर्धा आटा मागे फिरवायचा. पाटी तापलेली असताना बसवत असाल तर स्क्रू भोकाच्या आतल्या, म्हणजे पाटीच्या मध्याकडच्या बाजूला ठेवायचा, कारण थंडीत भोक मध्याकडे सरकणार असतं. थंडीत बसवताना याच्या उलट. सिलिकॉन घेताना व्हिनेगरसारख्या आंबट वासाचं टाळतो. ते धातू खातं. न्यूट्रल सिलिकॉन चार पैसे महाग पडतं, पण घासाघीस मी दुसऱ्या मालावर करतो.

खाली बाकावर बसलेले एक बाबाजी हे सगळं बघत होते. ‘काहून ढिला ठेवून रायला रे पोरा?’ मी समजावू लागलो तर त्यांनी मध्येच थांबवलं. बंडीच्या चाकाला लोखंडी धाव लाल तापवून चढवतात, थंड झाली की ती लाकडाला करकचून धरते. तिथे आवळायचीच असते, इथे आवळायची नाही, एवढंच ना? मालकांना कागदावरच्या हिशेबाने पटलं नव्हतं ते बाबाजींच्या धावेने पटलं.

माझ्या हाताखालच्या पोराने विचारलं, भर दुपारी कशाला बसवायचा? सकाळी लवकर बसवला असता तर माझी पाठ वाचली असती, हे मान्य. पण फ्रेमचा शेवटचा हात वाळायचा होता, आणि दुसऱ्या दिवशी दुकानात पूजा.

ढिल्या बोर्डाचा एक त्रास आहे, तो मी गिऱ्हाइकाला आधीच सांगतो. जूनच्या वादळात तो वाजतो. वॉशर थोडे जाड घातले की आवाज निम्म्यावर येतो, पूर्ण जात नाही. पावसाळ्यात त्याच मालकांचा फोन आला, रात्री कटकट ऐकू येते, आवळून टाकू का? मी म्हटलं, आवळू नका, पुढच्या आठवड्यात त्या बाजूला येतोय, नायलॉनचे वॉशर घेऊन येतो. गेलो, कडेच्या स्क्रूंना ते घातले, पैसे घेतले नाहीत. चहा मात्र दोनदा झाला, आणि शेजारच्या कृषी केंद्रवाल्याने त्याच्या बोर्डाचं माप घ्यायला सांगितलं. त्याचं दुकान उत्तरेकडे तोंड करून आहे. त्याला ॲक्रिलिकच हवंय आणि तिथे ते चालेल.